मध्यरात्रीची दाढ, दुधाच्या पिशवीतला दात

रात्री दीड-दोनला येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "डॉक्टर, झोपवतच नाहीये हो." पलीकडचा माणूस गालाला हात लावून खोलीत येरझारा घालत असतो आणि घरातलं कुणीतरी मागे लवंग घेऊन उभं असतं. त्याला त्या क्षणी जगात दुसरं काही सुचत नाही, आणि यात नाटक काही नसतं. ठणकणारी दाढ माणसाला खरोखर लोळवते. तरीही मी त्याला चार प्रश्न विचारतो, कुठली गोळी घ्यायची ते सांगतो आणि सकाळी दवाखान्यात या म्हणतो.

आता उलटा प्रसंग. एक आई संध्याकाळी सातला नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. दुपारी शाळेच्या पायरीवर आपटून त्याचा वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला होता. मुलगा रडत नव्हता, रक्तही थांबलं होतं. म्हणून ट्यूशन उरकून, घरी जाऊन, कपडे बदलून मग ती दोघं आली. दात साबण लावून घासलेला, कापसात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलेला. केवढी काळजी घेतली होती! आणि त्यातली एकूण एक गोष्ट त्या दाताच्या मुळावर आली होती.

गेली कित्येक वर्षं मी हेच बघतोय. दुखणं जास्त, की माणूस धावत येतो. दुखणं कमी, की थांबतो. दाताच्या बाबतीत हा हिशोब पुष्कळदा उलटा असतो. जो सगळ्यात जास्त ओरडतो तो रुग्ण सकाळपर्यंत थांबू शकतो, आणि ज्याला काहीच दुखत नाही त्याच्या हातात अर्धा तास असतो. असं का होतं, ते दाताच्या आत शिरल्याशिवाय कळणार नाही.

रात्रीच का ठणकते?

दाताचं बाहेरचं कवच आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. त्याच्या आत थोडा मऊ थर, आणि त्याच्याही आत एक छोटी पोकळी. तिच्यात ज्याला आपण सगळे 'नस' म्हणतो ती असते. प्रत्यक्षात ती एकटी नस नाही. बारीक रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ गर यांचा तो गुंता असतो, आणि मुळाच्या टोकाच्या सुईएवढ्या छिद्रातून त्याचा शरीराशी संबंध असतो.

बोटाला काटा टोचला की बोट सुजतं, म्हणजे बाहेरच्या बाजूला फुगतं. फुगायला जागा असते. दाताच्या आतला गर सुजला तर तो फुगणार कुठे? चारही बाजूंना दगडी भिंत. मग आतला दाब वाढत जातो आणि मज्जातंतू चेपले जातात. त्यात तुम्ही आडवे झालात की डोक्याकडचा रक्ताचा जोर वाढतो, आणि नाडीच्या ठोक्यासरशी दाढ ठणकायला लागते. दिवसा कामाच्या नादात जे चाललं होतं, ते रात्री उशीवर डोकं टेकलं की असह्य होतं. म्हणून पहिला उपाय अगदी बिनपैशाचा: दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा किंवा सरळ आरामखुर्चीत बसा.

गार पाणी लागल्यावर क्षणभर सणक येऊन लगेच थांबत असेल, तर आतला गर बहुधा वाचवता येतो. कीड साफ करून दात भरला की काम होतं. सणक मिनिट-मिनिट रेंगाळत असेल, काही न खाता-पिता आपोआप कळ येत असेल, रात्री जाग येत असेल, तर गराने हात टेकले आहेत. मग रूट कॅनॉल किंवा दात काढणं, दोनच रस्ते. काही रुग्ण तर गार पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात. दर दोन मिनिटांनी घोट तोंडात धरतात, तेवढंच बरं वाटतं. ती बाटली पाहिली की एक्स-रे आधीच अर्धं निदान झालेलं असतं. अशा दाताचा गर सहसा वाचवण्यापलीकडे गेलेला असतो.

आणि मग एके दिवशी ठणका अचानक थांबतो. माणूस खूश. ठरलेली अपॉइंटमेंट रद्द करतो. खरं तर आतला गर मेलेला असतो, आणि मेलेला मज्जातंतू दुखत नाही. जंतू मात्र जिवंत असतात. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दात 'उंच झाल्यासारखा' वाटायला लागतो, घास चावला की टोचतो, मग हिरडीवर पुटकुळी येते किंवा गाल सुजतो. त्याबद्दल पुढे.

'कीड' या शब्दानेही आपलं बरंच नुकसान केलं आहे. कीड म्हटलं की अळी डोळ्यांसमोर येते. जत्रेत, आठवडी बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतून 'किडे' काढून दाखवणारे लोक यावरच पोट भरतात. दातात अळी नसते. साखर खाऊन आम्ल बनवणारे जंतू असतात, आणि ते धुराने बाहेर पडत नाहीत.

सकाळपर्यंत काय करायचं

मोठ्या, एरवी धडधाकट माणसासाठी दाढेच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम हे दोन्ही मिळून सगळ्यात चांगलं काम करतात. काहीतरी खाऊन घ्यायचं, दोन डोसांमध्ये सहा ते आठ तासांचं अंतर ठेवायचं. मेडिकलमध्ये या दोघांची एकत्र गोळीही मिळते. ती घेतली असेल तर वर आणखी 'तापाची गोळी' टाकू नका, कारण तीही पॅरासिटामॉलच असते.

पण आयबुप्रोफेन सगळ्यांसाठी नाही. किडनीचा त्रास, पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपणाचा उत्तरार्ध, यांपैकी काही असेल तर फक्त पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तरीही आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढू शकतो. लहान मुलांना औषध वजनावर मोजून द्यावं लागतं. घरातल्या मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नये. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्याकडे २०११पासून बंदी आहे, तरी घराघरांतल्या डब्यात ती सापडतेच.

अँटिबायोटिकचं काय? इथे माझं अर्ध्या गावाशी भांडण आहे. नुसता ठणका आहे, सूज नाही, ताप नाही, तर अँटिबायोटिक काही करत नाही. सुजलेल्या गरापर्यंत रक्तच धड पोचत नाही, तर रक्तातून जाणारं औषध काय पोचणार? दोन दिवसांनी बरं वाटलं, तर ते बरोबरच्या दुखणंनाशक गोळीमुळे, किंवा वर सांगितलं तसा गर मेल्यामुळे. श्रेय मात्र अँटिबायोटिकला मिळतं, आणि पुढच्या वेळी तीच पट्टी माणूस चिठ्ठीशिवाय मागून घेतो.

लवंग चालते. तिच्यातल्या युजेनॉल नावाच्या द्रव्याने दात खरोखर बधिर होतो. आम्हीही ते वापरतो. कापसाच्या बोळ्यावर लवंगतेलाचा एकच थेंब घेऊन तो दाताच्या खड्ड्यात ठेवायचा. हिरडीला किंवा गालाला तेल चोळलं तर भाजतं. ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून झोपण्याचा प्रकारही बंद करा. सकाळी दाढ तर दुखत असतेच, वर गालाची आतली कातडी पांढरी पडून सोलवटलेली असते.

मशेरीबद्दल वेगळं सांगायला हवं. गावाकडे आणि शहरातल्या वस्त्यांमध्येही कितीतरी बायकांची मशेरी दाढ दुखली म्हणूनच सुरू झालेली असते. भाजलेल्या तंबाखूने तात्पुरती बधिरता येते हे खरं. दाढ नंतर पडून जाते, मशेरी मात्र तीस-तीस वर्षं सुटत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका मागे लागतो तो लागतोच. ज्या सासूने सुनेला 'जरा लाव, बरं वाटेल' म्हटलं, तिचा हेतू काही वाईट नव्हता. म्हणून तर त्या सासूबाईंशीच बोलायला हवं.

शेक द्यायचा तर गारच. रुमालात बर्फ बांधून गालाच्या बाहेरून दहा मिनिटं धरा, मग थोडं थांबा. तव्यावर गरम केलेलं फडकं नको. आत पू होत असेल तर उष्णतेने सूज आणखी वाढते.

मुळासकट पडलेला दात

आता ज्याच्यासाठी खरोखर चप्पल न घालता पळावं, त्याविषयी.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पडदा असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्या पडद्यावर दात अक्षरशः टांगलेला असतो. दात निखळतो तेव्हा हा पडदा मधून फाटतो. अर्धा हाडाच्या खोबणीत राहतो, अर्धा मुळाला चिकटून बाहेर येतो. दात परत रुजणार की नाही हे मुळावरच्या त्या नाजूक, ओलसर थरातल्या जिवंत पेशींवर ठरतं. दाताच्या पांढऱ्या भागाला काही होत नाही, तो वर्षभर कपाटात ठेवलात तरी तसाच राहील.

उघड्या हवेत या पेशी सुकायला लागतात. अर्ध्या तासात बऱ्याचशा मरतात, आणि तासभर कोरडा राहिलेल्या दातावर जवळजवळ काही उरत नाही. कोकणात भातलावणीच्या वेळी तरव्याच्या मुठी उपटल्या की त्या चिखलपाण्यातच ठेवतात, बांधावर उन्हात सुकू देत नाहीत, आणि मुळं खरवडून धुवायचं तर कुणाच्या मनातही येत नाही. दाताचंही हेच.

म्हणून दात पडला, आणि तो कायमचा दात आहे, तर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यात उत्तम काम म्हणजे तो तिथल्या तिथे परत बसवणं. ऐकूनच अंगावर काटा येतो, मला कल्पना आहे. पण तेव्हा तो भाग बराचसा बधिर असतो, आणि खोबणी दाताच्याच मापाची असते. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात हलकेच बुचकळा. काहीच नसेल तर नळाखाली क्षणभर धरा. घासायचं नाही, पुसायचं नाही, साबण-डेटॉल-मीठ काही नाही. गुळगुळीत फुगीर बाजू ओठाकडे येईल असा धरून हळूच खोबणीत सरकवा, घडी घातलेला स्वच्छ रुमाल दातांखाली चावून धरायला सांगा, आणि दाताच्या डॉक्टरकडे निघा.

धीर झाला नाही, मूल फार घाबरलं असेल किंवा बेशुद्ध असेल, तर बसवायच्या भानगडीत पडू नका. दात दुधात टाका. पिशवीतलं साधं, गार दूध पुरेसं आहे, आणि ते आपल्याकडे चहाच्या टपरीपासून शाळेच्या कँटीनपर्यंत कुठेही मिळतं. दुधातल्या क्षारांचं आणि साखरेचं प्रमाण आपल्या पेशींना मानवणारं असतं, ते फार आम्लही नसतं, त्यामुळे पेशी त्यात काही तास तग धरतात. पाण्याचं तसं नाही. साध्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. म्हणजे वाटीभर पाण्यात जपून आणलेला दात हा कोरड्या दातापेक्षा फारसा नशीबवान नसतो. दूध गरम नको, साखर घातलेलं नको, हळदीचं तर नकोच. ताक आणि दही आंबट, तेही बाद. नारळपाण्यावर आपल्याकडे प्रयोग झाले आहेत, पण तेही आम्लाकडे झुकणारं असतं. दूध हाताशी असताना शहाळं शोधत बसू नये. दूध नसेल तर कपात लाळ थुंकून त्यात दात बुडवा. मोठा आणि शुद्धीवर असलेला माणूस स्वतःच्या गालात धरूनही येऊ शकतो. लहान मूल तो गिळेल.

एक मोठा अपवाद आहे. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही. त्याच्या मुळापाशीच खालून येणाऱ्या कायमच्या दाताची कळी असते, तिला धक्का लागतो. ओळखायचं कसं? वरचे पुढचे कायमचे दात साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात. ते मोठे, किंचित पिवळसर, आणि नवे असतील तर त्यांच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. दुधाचे दात लहान आणि पांढरेशुभ्र. सहाच्या आतलं मूल असेल तर तो दुधाचाच दात धरून चला. तरीही डॉक्टरला दाखवायचंच, कारण आत काही तुकडा राहिलाय का, शेजारचे दात हलले का, हे पाहावं लागतं.

दवाखान्यात आम्ही दात नीट बसवून शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेने दोनेक आठवडे बांधून ठेवतो. कडक बांधत नाही, कारण थोडी हालचाल राहिली तर तो पडदा चांगला भरून येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारतो. इथे अँटिबायोटिक देतो. मूळ पूर्ण तयार झालेलं असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल सुरू करावं लागतं. लहान वयात मुळाचं टोक अजून उघडं असेल, तर आतला गर पुन्हा जगण्याची थोडी आशा असते, म्हणून वाट पाहतो.

त्या कंपासपेटीतल्या दाताचं काय झालं? आम्ही तो तरीही बसवला. पेशी मेलेल्या होत्या, त्यामुळे तो पडद्यावर टांगला जाणार नव्हता, थेट हाडाला चिकटणार होता, आणि पुढच्या काही वर्षांत हाड त्याचं मूळ हळूहळू खाऊन टाकणार हेही माहीत होतं. वाढत्या वयात असा दात शेजारच्यांबरोबर खाली येत नाही, बुटका दिसायला लागतो. पण तोवर जागा राखली जाते, तिथलं हाड टिकतं, आणि नऊ वर्षांच्या पोराला शाळेत खिंडार घेऊन हसावं लागत नाही. आईला हे सगळं समजावून सांगताना तिने एवढंच विचारलं, "मग दुपारीच कुणी सांगितलं का नाही?" ती शाळेत फोन करून विचारून आली होती. शाळेत कुणालाच माहीत नव्हतं.

हललेला, तुटलेला, आत गेलेला

मारामुळे दात जागेवरून सरकला, तर तो त्याच दिवशी दाखवायचा. स्वतः ओढून सरळ करू नका. तुकडा पडला तर तो तुकडाही दुधात किंवा पाण्यात घालून आणा, पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर गर उघडा पडलाय. दोन दिवसांनी नाही, आजच या.

तुकडा किंवा दात कुठेच सापडत नसेल, तर ओठाच्या आत तर रुतला नाही ना ते बघतो. तिथेही नसेल आणि खोकला येत असेल, तर छातीचा एक्स-रे. दात श्वासनलिकेत गेल्याची उदाहरणं आहेत. आणि डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा क्षणभर बेशुद्धी आली असेल, तर दात विसरा, आधी मोठं हॉस्पिटल. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचे दात एकमेकांवर नीट बसत नसतील तर जबडा मोडल्याची शक्यता असते. हनुवटी उघडी ठेवणारं अर्धं हेल्मेट हवालदारासाठी असतं, जबड्यासाठी नाही.

कॅप निघाली, फिलिंग पडलं, तारेचं टोक गालाला टोचतंय, ही तातडी नाही. कॅप डबीत घालून आणा. फेविक्विकने चिकटवू नका. हसू नका, महिन्याकाठी एक तरी असा येतो.

सूज: इथे थांबायचं नाही

मुळाच्या टोकाशी हाडात साठलेला पू बाहेर पडायला वाट शोधतो. हाड पोखरून तो बाहेर आला की दोन गोष्टी एकदम घडतात. आतला दाब सुटल्यामुळे ठणका उतरतो, आणि गाल सुजतो. रुग्णाला वाटतं दुखणं ओसरलं. माझ्या मते दातांच्या सगळ्या दुखण्यांतली सगळ्यात फसवी वेळ हीच.

पू कुठे जाणार हे मूळ कुठे संपतं त्यावर ठरतं. पुष्कळदा तो हिरडीवर पुटकुळी होऊन फुटतो, तोंडात खारट-कडू चव येते आणि भागतं. पण खालच्या मागच्या दाढांची, विशेषतः अक्कलदाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पडद्याच्याही खाली उतरलेली असतात. तिथून निघालेला पू तोंडात न येता जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला पसरतो. दोन्ही बाजूंना पसरला की जिभेखालची जागा फुगते, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होत जाते. विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला लुडविग्स अंजायना म्हणतात. अँटिबायोटिक येण्याआधी यातले निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. आजही माणूस यात जाऊ शकतो. जातो तो बहुधा श्वास कोंडून.

फोनवर मी विचारतो ते प्रश्न यासाठीच असतात. तोंड किती उघडतंय, दोन बोटं उभी आत जातात का? थुंकी गिळता येते की तोंडातून गळतेय? आवाज बदललाय का, तोंडात गरम भजी धरून बोलावं तसा? ताप, थंडी? जबड्याखाली हात लावून बघा, सूज लाकडासारखी टणक लागते का? आडवं झाल्यावर गुदमरतंय का? यांपैकी एकाचंही उत्तर वाईट आलं, तर मी 'सकाळी या' म्हणत नाही. माझ्या दवाखान्यातही येऊ नका म्हणतो, कारण तिथे श्वासनलिकेत नळी घालायची सोय नाही. भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, १०८ला फोन करा, आणि रुग्णाला बसवूनच न्या, आडवा करू नका.

वरच्या सुळ्यामुळे आलेली सूज नाकाशेजारून डोळ्याकडे चढते. डोळा बंद व्हायला लागला, दोन-दोन दिसायला लागलं, डोकं जबर दुखतंय, तर तेही थेट हॉस्पिटलचं काम. त्या भागातल्या शिरांचा मेंदूच्या बुडाशी संबंध असतो.

साखर जास्त असणाऱ्यांनी, किमोथेरपी चालू असणाऱ्यांनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी यातलं काहीही साधं समजू नये. २०२१मध्ये कोविडनंतर आलेला काळ्या बुरशीचा आजार महाराष्ट्राने फार जवळून पाहिला. कितीतरी रुग्णांना पहिली जाणीव झाली ती वरचे दात अचानक हलायला लागल्याची आणि गाल बधिर झाल्याची. फारसं दुखतही नव्हतं. मधुमेही माणसाला असं झालं, टाळूवर काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

सूज असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण त्याने एकट्याने भागत नाही. पू बाहेर काढावा लागतो, दाताचा निकाल लावावा लागतो. गोळ्यांनी सूज उतरली म्हणून घरी बसलेला रुग्ण दोन महिन्यांनी परत येतो, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा मोठी सूज घेऊन.

दात काढल्यानंतरच्या रात्री

"रक्त थांबत नाही" या फोनमध्ये अर्धं रक्त असतं आणि अर्धी लाळ. लाळेत मिसळलेलं चमचाभर रक्त बेसिनभर दिसतं. सारखं थुंकल्याने आणि चुळा भरल्यानेच गुठळी निघून जाते. घडी केलेलं स्वच्छ गॉज किंवा सुती रुमाल जखमेवर ठेवून घट्ट चावा, आणि घड्याळ लावून अर्धा तास अजिबात उघडून पाहू नका. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात. घरात टी-बॅग असेल तर ओली करून तीच चावा, चहातलं टॅनिन रक्त गोठायला मदत करतं. दोनदा असं करूनही तोंड रक्ताने भरत असेल तर निघा. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. दात काढण्याआधी मात्र जरूर सांगा. ती लपवणारे रुग्ण आम्हाला घाम फोडतात.

दात काढल्यावर दोन-तीन दिवस बरे गेले आणि मग अचानक कानापर्यंत कळ जायला लागली, तर खोबणीतली गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. सिगारेट-तंबाखूवाल्यांना हे जास्त होतं. यात जिवाला धोका नाही, पण घरगुती उपायांनी दिवस काढण्यात अर्थ नाही. जखम धुऊन औषधाची पट्टी भरली की त्याच दिवशी आराम पडतो.

जायचं कुठे

रात्री उघडे असणारे दाताचे दवाखाने मोठ्या शहरांतही मोजकेच. त्यामुळे आपल्या नेहमीच्या डॉक्टरचा नंबर आधीच घेऊन ठेवा. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, आणि गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे फार कमी पैशांत सगळे उपचार होतात. ओपीडी दिवसा असते, रांग असते, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो. विद्यार्थी हात लावतील म्हणून बिचकू नका, त्यांच्या पाठीशी प्राध्यापक उभे असतात. खाजगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. तालुक्याच्या ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहे का, ते आजच विचारून ठेवा. सूज आणि अपघात यांसाठी रात्री सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची कॅज्युअल्टी उघडीच असते.

गरोदर आहे म्हणून दाढेचं दुखणं नऊ महिने काढायची गरज नाही. तातडीचे उपचार तेव्हाही करता येतात, किती महिने झाले ते फक्त आधी सांगा. मुलाकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांची दाढ नेमकी तिथेच दुखते, हाही अनुभव नवा नाही. इंग्लंडमध्ये १११ या नंबरवर तातडीच्या दंतसेवेची चौकशी करता येते. अमेरिकेत हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सहसा दुखणंनाशक गोळ्या आणि मोठं बिल मिळतं, दात तसाच राहतो. म्हणून निघायच्या महिनाभर आधीच तपासणी करून घ्या, आदल्या आठवड्यात नको.

आपल्याकडच्या आरोग्य विम्यात दाताचे नेहमीचे उपचार साधारणपणे धरलेले नसतात. अपघाताने झालेली इजा मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये बसते. त्यामुळे मार लागलेला असेल तर केसपेपरवर अपघात कधी, कुठे, कसा झाला ते लिहून घ्या, एक्स-रे आणि पावत्या जपून ठेवा, आणि निघताना चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. 'ती पांढरी छोटी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.